तोडून सांधताना पेशी हात कोणाचा धरते?

पत्र : मी चाळीसगाव तालुक्यात बीएस्सीच्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात आम्ही बीजोत्पादनाच्या मळ्यातून कांद्याचे गोंडे आणून मियोसिसच्या, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या, स्लाइड करतो. यंदा फेब्रुवारी संपता संपता आणले. बऱ्याच स्लाइडमध्ये नुसते परागकण निघाले. एका स्लाइडवर काही पेशींत ८ जोड्यांऐवजी १६ सुटी गुणसूत्रं दिसली. चूक आमची की कांद्याची, कळलं नाही. त्यातच एका मुलानं विचारलं, क्रॉसिंग ओव्हरसाठी, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीसाठी, पेशी स्वतःचा डीएनए मुद्दाम तोडते, मग ती मरत कशी नाही? पुस्तकात डीएनए दुरुस्ती एका धड्यात आहे आणि मियोसिस दुसऱ्याच. वर्गातला रावेरचा मुलगा विचारतो, आमच्या केळीत बी नाही याचा याच्याशी काही संबंध आहे का? हे सगळं एकत्र कसं शिकवू?

उत्तर : मॅडम, नमस्कार.

१६ सुट्या गुणसूत्रांची ती स्लाइड पुसली नसेल तर जपून ठेवा. पण आधी ती चूक हाताची आहे का ते पाहू, कारण बहुतेक वेळा तसंच असतं. अंगठा जोरात पडला तर धड जोड्याही फाटतात. अशा ठिकाणी पेशीची कड फुटलेली असते, गुणसूत्रं शेजारच्या पेशीत घरंगळलेली असतात आणि सगळी एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसतात. दुसरा घोटाळा अनाफेज एकचा, म्हणजे जोड्या फुटून दोन ध्रुवांकडे ओढल्या जातात त्या टप्प्याचा. तिथंही १६ सुटी गुणसूत्रं मोजता येतात, पण ती आठ-आठच्या दोन घोळक्यांत असतात आणि प्रत्येकाचे क्रोमॅटिड, म्हणजे त्याच्या दोन जुळ्या प्रती, फाकलेले असतात. पेशीची कड शाबूत आहे, गुणसूत्रं मधल्या पट्ट्यावर न येता इकडेतिकडे पडली आहेत आणि शेजारच्या पेशींत मात्र जोड्या नीट आहेत, असं असेल तर ती खरी एकटी गुणसूत्रं, म्हणजे युनिव्हॅलंट. खात्रीसाठी त्याच गोंड्यातली थोडी मोठी कळी घ्या आणि चार पेशींचे टेट्रॅड पाहा. मुख्य केंद्रकाच्या बाजूला बारीक ठिपक्याएवढी केंद्रकं दिसली, तर काही गुणसूत्रं वाटेत मागे राहिली हे नक्की. किमान ५० पेशी मोजा. दोन-चार पेशींवरून निष्कर्ष काढू नका.

आता मुलाचा प्रश्न. तोडण्याचं काम स्पो११ नावाचं प्रथिन करतं. ते डीएनएच्या दोन्ही पट्ट्या कापतं आणि कापलेल्या टोकाला स्वतःच चिकटून बसतं. हे १९९७ साली कळलं. एका मियोसिसमध्ये यीस्टमध्ये अंदाजे १५० ते २०० काप पडतात, उंदरात २०० ते ३००. शरीरातल्या साध्या पेशीत एवढे काप एकदम पडले तर ती धोक्याची घंटाच. इथं पेशी मरत नाही याचं पहिलं कारण म्हणजे कात्री केव्हा चालवायची हे ठरलेलं असतं. डीएनएची नक्कल पूर्ण व्हायच्या आधी ती चालत नाही. यीस्टमध्ये स्पो११ला मदत करणारं एमईआर२ हे प्रथिन, ज्या सीडीके एन्झाइममुळे डीएनएची नक्कल सुरू होते त्याच्याच फॉस्फेटच्या शिक्क्यानं कामाला लागतं. म्हणजे आधी नक्कल, मग काप.

किती कापायचं यावरही लगाम आहे. एका जागी काप पडला की एटीएम नावाचं किनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) जागं होतं आणि आसपास आणखी काप पडू देत नाही. उंदरातून एटीएम काढून टाकलं तर कापांची संख्या दहापटीहून जास्त होते. शिवाय सजातीय जोडीदार, म्हणजे जोडीतलं आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र, एकमेकांना लांबीभर चिकटले की त्या पट्ट्यात कापणं जवळजवळ थांबतं. जोडीदार सापडला की कात्री खाली ठेवायची, एवढा साधा हिशेब आहे.

पण वर्गात जास्त वेळ द्यायचा तो पुढच्या गोष्टीला. काप सांधताना नमुना म्हणून कोणाला धरायचं? पेशीपुढे दोन पर्याय असतात. एक, सख्खी जुळी, म्हणजे त्याच गुणसूत्राची नक्कल झालेली सिस्टर क्रोमॅटिड. ती अगदी खेटून असते आणि अक्षर न् अक्षर सारखी असते. दुसरा पर्याय दुसऱ्या पालकाकडून आलेलं सजातीय गुणसूत्र, ते लांब असतं आणि थोडं वेगळंही. साधी पेशी सख्खी धरते आणि काम झटपट उरकतं. मियोसिसमधली पेशी मुद्दाम लांबच्याकडे जाते. यीस्टमध्ये गुणसूत्राच्या कण्यावर एचओपी१ आणि आरईडी१ ही प्रथिनं बसलेली असतात, काप पडला की तिथं एमईके१ हे किनेज जागं होतं आणि सख्खीशी सांधणाऱ्या रॅड५१ला आवरून धरतं. तेवढ्यात मियोसिसपुरतंच कामाला असणारं डीएमसी१ टोकाला सजातीयाकडे नेतं. वनस्पतींत कण्यावरच्या एचओपी१च्या जागी एएसवाय१ असतं.

असा उलटा हट्ट का, हे नुसतं सांगून कळत नाही. सुतळीनं दाखवा. पन्नास सेंटिमीटरचे चार तुकडे घ्या, दोन लाल रंगवलेले, दोन पांढरे. दोन लाल शेजारी ठेवून टोकापासून टोकापर्यंत पाच-पाच सेंटिमीटरवर बारीक रबरं घाला, पांढऱ्यांनाही तसंच करा. ही रबरं म्हणजे कोहेसिन, जुळ्या क्रोमॅटिडना एकत्र बांधणारं प्रथिन. प्रत्येक जोडीच्या बरोबर मधे एक जाड रबर, ते गुणसूत्रबिंदूजवळचं, म्हणजे जिथं धरून पेशी गुणसूत्र ओढते त्या जागेजवळचं, कोहेसिन. आता दोन मुलांना एकेक जोडी मधे धरून विरुद्ध दिशांना चालायला सांगा. कुठलाच ताण लागत नाही. कोणी कुठंही गेलं तरी काय चुकलं हे कळायला मार्ग नाही. पेशीलाही नाही.

मग एक लाल आणि एक पांढरी सुतळी मध्यापासून पंधरा सेंटिमीटरवर एकाच जागी कापा आणि टोकं अदलाबदल करून गाठी मारा. पुन्हा ओढा. या वेळी रस्सीखेच लागते. इथं मुलांना विचारा, ताण नेमका कशामुळे टिकला? बहुतेक जण गाठीचं नाव घेतात. पण गाठीच्या पलीकडची, टोकाकडची रबरं काढा, जोड्या सुटतात. गाठीच्या अलीकडची, मध्याकडची रबरं काढली तरी जोड्या सुटत नाहीत. म्हणजे सजातीय गुणसूत्रं एकमेकांना धरून राहतात ती क्रॉसओव्हर आणि त्यापलीकडचं कोहेसिन या दोघांच्या जोरावर. तुमची मुलं डायकायनेसिसमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या अगदी शेवटी, जे फुलीसारखं पाहतात, तो कायाझ्मा हाच. दुरुस्ती आणि वाटणी हे दोन धडे जोडणारा दुवा तोच.

याच सुतळीवर आणखी तीन प्रयोग होतात. गाठ अगदी टोकाला मारा, पलीकडे एखादंच रबर उरतं आणि ओढताना निसटतं. गाठ जाड रबराला खेटून मारली तर ती सोडवताना मधलंच रबर ताणलं जातं. माणसाच्या २१व्या गुणसूत्राच्या चुकीच्या वाटणीत क्रॉसओव्हर टोकाला किंवा गुणसूत्रबिंदूला खेटून झालेले आढळतात, ते याच अडचणीशी जुळतं. तिसरा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एक लाल सुतळी कापा आणि तिचीच दोन टोकं पुन्हा जोडा. सुतळी अखंड झाली, दुरुस्ती पक्की झाली, पण पांढऱ्याशी नातं काहीच नाही. सख्खीशी सांधलं तर हेच होतं. डीएनए वाचतो, वाटणी मात्र फसते.

आता तुमच्या स्लाइडकडे परत येऊ. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या छोट्या रोपात गुणसूत्रं १०, म्हणजे ५ जोड्या. त्यातलं स्पो११ निकामी केलं तर काप पडत नाहीत आणि १० सुटी, धडधाकट गुणसूत्रं दिसतात. डीएमसी१ निकामी केलं तर काप पडतात, पण रॅड५१ ते सख्खीशी सांधतं, त्यामुळे पुन्हा १० सुटी, धडधाकट गुणसूत्रं. रॅड५१ निकामी केलं तर मात्र गुणसूत्रांचे तुकडे दिसतात. आणि स्पो११ व रॅड५१ दोन्ही एकदम काढले की तुकडे गायब, कारण कापच पडले नाहीत. फळ्यावर लिहून द्यायचं तर एवढंच : सुटी पण अखंड गुणसूत्रं म्हणजे सांधणी सजातीयाशी झालेली नाही, आणि तुकडे म्हणजे सांधणीच झालेली नाही. तुमची १६ अखंड असतील तर ती पहिल्या प्रकारात बसतात. दोन ध्रुवांमध्ये ताणलेला पूल आणि बाजूला एक सुटा तुकडा दिसला तर घाईनं दुरुस्तीला दोष देऊ नका. गुणसूत्राचा एखादा भाग उलटा बसलेला असेल, म्हणजे इन्व्हर्जन असेल, तर धड क्रॉसओव्हरमधूनही असंच चित्र निघतं.

काप एवढे, मग क्रॉसओव्हर किती? अराबिडॉप्सिसमध्ये साधारण दहा, उंदरात पंचवीसच्या आसपास. बाकीचे काप सजातीयाकडून मजकूर उतरवून घेतात आणि देवाणघेवाण न करता बंद होतात. गंमत अशी की वाटप कमीच असलं तरी एकही जोडी सहसा कोरडी राहत नाही, आणि एकाच बाहूवर, म्हणजे गुणसूत्रबिंदूच्या एकाच बाजूला, दोन क्रॉसओव्हर असले तर ते एकमेकांपासून अंतर राखून असतात. या अंतराला मुलरनं १९१६ साली इंटरफिअरन्स नाव दिलं. सांधणीचे अर्धवट टप्पे टिकवून धरायला एमएसएच४-एमएसएच५, तर शेवटी ते क्रॉसओव्हरच्याच बाजूनं सोडवायला एमएलएच१-एमएलएच३ ही जोडी. वनस्पतींत एचईआय१० हे प्रथिन आधी गुणसूत्रभर बारीक ठिपक्यांत पसरतं, मग मोठे ठिपके लहानांना गिळत जातात आणि उरलेल्या मोजक्या ठिपक्यांच्या जागी क्रॉसओव्हर होतो. गरम तव्यावर पाण्याचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, तसं काहीसं. कांद्याच्या बाबतीत मुलांना इतकंच मोजायला लावा : दोन्ही बाहूंवर कायाझ्मा असेल तर जोडी कड्यासारखी, एकाच बाहूवर असेल तर दांडीसारखी. पेशीत कडी किती, दांड्या किती, असा तक्ता केला की एका पेशीतल्या कायाझ्म्यांचा कमीत कमी आकडा आपोआप हाती येतो.

वाटणीच्या वेळी रबरं कापणारं एन्झाइम म्हणजे सेपरेज. ते मियोसिसमधल्या कोहेसिनचा आरईसी८ हा भाग तोडतं. पहिल्या विभाजनात बाहूंवरची रबरं तुटली पाहिजेत आणि मधलं जाड रबर राहिलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या विभाजनात जुळ्या क्रोमॅटिडना धरून ठेवायला काही उरत नाही. त्या मधल्या रबराची राखण शुगोशिन करतं. २००४ साली हे नाव जपानी संशोधकांनी दिलं, अर्थ राखणदार देव. ते पीपी२ए हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम सोबत आणतं, आणि फॉस्फेट नसलेलं आरईसी८ सेपरेजला कापता येत नाही. आपल्याकडे शिवेवर म्हसोबा बसतो तसा हा गुणसूत्रबिंदूवर, असं सांगितलं की मुलं विसरत नाहीत. वर्गात सुतळीवरची बारीक रबरं कात्रीनं उडवा, जाड ठेवा, की पहिलं विभाजन झालं.

सांधणी अपुरी असताना पेशी पुढे गेली तर काय, हा प्रश्न येणारच. यीस्टमध्ये आणि सस्तन प्राण्यांत तपासनाके आहेत. दुरुस्ती न झालेले काप जास्त असतील तर यीस्ट प्रोफेजमध्येच, म्हणजे पहिल्या टप्प्यातच, अडकतं, कारण पुढे नेणारा एनडीटी८० हा स्विच दाबला जात नाही, आणि उंदराचं अंडं सीएचके२ मार्गानं मरतं. वनस्पतींत हा नाका बराच सैल आहे. अराबिडॉप्सिसची बिघडलेली पेशी अडत नाही, सुटी गुणसूत्रं घेऊन तशीच पुढे सरकते आणि शेवटी वांझ पराग देते. म्हणून तर तुम्हाला मेटाफेजमध्ये, म्हणजे जोड्या मधल्या पट्ट्यावर येतात त्या टप्प्यात, युनिव्हॅलंट दिसू शकतात.

तुमचे युनिव्हॅलंट खरे असतील तर यंदा कांद्यात ते आले कुठून? उष्णता हा एक संशयित. अराबिडॉप्सिसमध्ये २८ ते ३० अंशांना क्रॉसओव्हर वाढतात, पण ३६ ते ३८ अंशांना काप पडणंच घटतं आणि युनिव्हॅलंट दिसू लागतात. हे आकडे कांद्याला जसेच्या तसे लावू नका. तरी खानदेशात फेब्रुवारी अखेरीस दुपारचा पारा चढायला लागतो, हे ध्यानात असू द्या. फवारणी हा दुसरा संशयित. बीजोत्पादनाच्या मळ्यात फुलकिड्यांसाठी औषध मारतातच. गोंडे तोडण्यापूर्वी शेवटची फवारणी कधी, कशाची, हे शेतकरी दादांना विचारा आणि वहीत लिहा. शक्य असेल तर बांधाकडेची, न फवारलेली ओळ मागून घ्या.

नुसते परागकण दिसण्याचं कारण साधं आहे, उशीर झाला. दिवाळीच्या सुमारास लावलेल्या कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे) जानेवारीत वर येतात. गोंड्यावरचं पातळ पांढरं आवरण फुटायच्या बेतात असेल किंवा नुकतंच फुटलं असेल तेव्हा तोडा. उमललेलं एक जरी फूल दिसलं तरी त्या गोंड्यात मधल्या, लहान कळ्याच कामाच्या. एका गोंड्यात सगळ्या वयाच्या कळ्या असतात, ही कांद्याची सोय आहे. कळी ३ मिलिमीटरच्या आसपासची घ्या. परागकोश काचेसारखा, फिकट हिरवट असावा. पिवळा झाला की मियोसिस संपला समजा. एका फुलात सहा परागकोश असतात. एक आधी तपासा, टप्पा बरोबर निघाला तर उरलेले पाच पाच मुलांना द्या.

गोंडे सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान मळ्यातच फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे पेशी आहे त्या स्थितीत थिजवणाऱ्या द्रवात, टाका. पिशवीतून कॉलेजात आणून मग टाकू, असं नको, वाटेत पेशी सुकतात. शुद्ध अल्कोहोल तीन भाग आणि ग्लेशियल अॅसेटिक आम्ल एक भाग, त्याच दिवशी केलेलं. शिळ्या मिश्रणाला फळासारखा वास येऊ लागतो, कारण दोघांचं एस्टर बनतं, आणि मग गुणसूत्रं फुगीर दिसतात. अल्कोहोलमध्ये पाणी असेल तरी तेच. कळ्यांच्या आकारमानाच्या किमान दहापट द्रव हवा. मोठा गोंडा अख्खा बुडवू नका, कळ्या सुट्या करा, नाहीतर आतल्या कळ्यांपर्यंत द्रव पोचत नाही. चोवीस तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवा, पुढचे काही महिने चालतात.

अॅसिटोकार्मिन या रंगासाठी ४५ मिली ग्लेशियल अॅसेटिक आम्ल, ५५ मिली डिस्टिल्ड पाणी आणि १ ग्रॅम कार्मिन. मंद उकळा, गार करून गाळा. हे काम खिडक्या उघड्या ठेवून किंवा धूरकपाटात करा, आम्लाची वाफ डोळ्यांना झोंबते. स्लाइडवर एकच परागकोश, रंगाचा एक थेंब. गंजक्या लोखंडी सुईनं तो फोडा. ही सुई मुद्दाम गंजकी, कारण लोखंडाच्या अंशानं कार्मिनचा रंग गडद होतो. पण ढवळत बसलात तर सगळंच काळं पडतं. परागकोशाच्या भिंतीचे तुकडे चिमट्यानं काढून टाका, ते राहिले तर कव्हरस्लिप टेकत नाही. स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा फिरवा. हाताच्या पाठीला सोसवेल एवढंच गरम, बुडबुडा दिसला तर जास्त झालं. पेन्सिलच्या मागच्या टोकानं हलके ठोका, मग टिपकागद ठेवून अंगठा सरळ खाली दाबा. अंगठा सरकला की जोड्या फाटतात आणि तुमच्या त्या १६चा गोंधळ पुन्हा होतो.

रावेरच्या मुलाला सांगा, संबंध आहे, पण अर्धाच. त्याच्याकडची ग्रँड नैन जातीची केळी त्रिगुणित आहे, ११चे तीन संच, एकूण ३३ गुणसूत्रं. तिथं बिघाड काप आणि सांधणीत नसून जोडीदारांच्या मोजणीत आहे. तिघांत सरळ दोन समान गट पडत नाहीत. प्रत्येक तिकडीतली दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला गेली असं धरलं, तरी अकराच्या अकरा तिकड्यांतली दोन-दोन एकाच बाजूला जाऊन ११ आणि २२ अशी नीट वाटणी होण्याची शक्यता १०२४ पेशींत एक. हे गणित त्याच्याकडूनच करून घ्या : २ गुणिले एक-द्वितीयांशाचा अकरावा घात. म्हणून बहुतेक पराग आणि बीजांडं निरुपयोगी. राहिलेला अर्धा भाग म्हणजे बी नसतानाही फळ भरतं, आणि तो गुण मियोसिसचा नाही, वेगळ्याच जनुकांचा आहे. वर्गात देशी कापसाचं कोणी असेल तर त्यालाही गणित द्या : २६ गुणसूत्रांचा देशी आणि ५२चा अमेरिकन यांच्या संकरातून ३९ गुणसूत्रांचं रोप येतं. ते वांझ का, हे तो स्वतः सांगेल.

पावसाळ्यात कांदा नसतो, तेव्हा बागेतल्या कुंडीतली जांभळ्या पाठीची ऱ्हिओ वापरता येते. नावेसारख्या पानांच्या बेचक्यात तिची पांढरी फुलं लपलेली असतात. पण पहिल्या तासाला ती देऊ नका. तिच्यात १२ गुणसूत्रं आहेत आणि तुकड्यांच्या अदलाबदलीमुळे ती सहा जोड्यांऐवजी एका मोठ्या कड्यात किंवा साखळीत बसतात. ज्यानं साधी जोडी पाहिलेली नाही, त्याला ते काहीच कळत नाही. कांद्याच्या ८ जोड्या मोजून झालेल्या मुलांपुढे ठेवा आणि कडं कुठं तुटलंय ते शोधायला सांगा.

पुढच्या हंगामात पहिले गोंडे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तोडा, मग दर आठवड्याला पाच-पाच, फेब्रुवारी संपेपर्यंत. बाटलीवर तारीख, वेळ आणि त्या दिवसाचं कमाल तापमान लिहा. मार्च उजाडेल तेव्हा युनिव्हॅलंट असलेल्या पेशींचा तक्ता तुमच्या हाती असेल, तो आम्हाला जरूर पाठवा.